इनास मिस्त्रींचा पाचवा नियम

"मालकाच्या चेडवाक बोलाक येता मां?"

"येता. पण इंग्रजीत."

"मगे बरां. मशीन पण इंग्रजीच आसा."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी लाकडी फळीच्या आडोशापलीकडे, चार हातांवर, वहीत डोकं घालून बसले होते. विचारणारे इनास मिस्त्री आणि उत्तर देणारा त्यांच्या हाताखालचा भिकाजी. मला सगळं ऐकू येतंय हे दोघांनाही ठाऊक होतं, कारण फळीला बोटभर फटी होत्या. मी उत्तरादाखल काय केलं, तर वहीचं पान उलटलं. पान कोरं होतं. मागचंही कोरंच होतं.

मिस्त्री यंदाच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसले तर पहिल्यांदा आठवतो तो हा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला मला किती वर्षं लागली ते पुढे येईलच.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मालवणात खाडीच्या तोंडाशी लहानसा कारखाना होता. साठ सालाच्या आगेमागे मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसू लागली होती. होडीचा पंखा ज्यावर फिरतो तो लोखंडी दांडा, शाफ्ट, कापून आणि कातून द्यायचं आमचं मुख्य काम. दोन इंची शाफ्ट हातकरवतीनं कापायचा म्हणजे दोन माणसं आणि एक सकाळ जायची. म्हणून अण्णांनी मुंबईहून यांत्रिक करवत मागवली. ती आगबोटीनं आली. बोटीतून पडावात उतरवताना बघायला बंदरावर जत्रेएवढी माणसं जमली होती. खोक्यात करवतीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका निघाली, आणि त्या पुस्तिकेमुळे माझी कारखान्यात नेमणूक झाली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये शिकून आले होते. तिथे मला सलग तीन वर्षं उत्तम वर्तणुकीचं बक्षीस मिळालं होतं. उत्तम वर्तणूक म्हणजे तोंड बंद ठेवणं, आणि ते मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. घरी आल्यावर पंचाईत अशी, की इंग्रजी बोलायला कुणी नाही, मराठी माझी पुस्तकी, आणि मालवणी सगळी कळत असूनही तोंडातून काढायची लाज वाटे. शुद्ध मराठीत काही विचारलं की कारखान्यातली माणसं मामलेदारापुढे आल्यासारखी सावरून उभी राहत. त्यापेक्षा गप्प बसणं दोन्ही पक्षांना सोयीचं होतं.

अण्णांनी सांगितलं, पुस्तिकेतले सुरक्षिततेचे नियम मराठीत लिही, भिंतीवर लावू. मी कोश घेऊन आठ दिवस बसले. कुणी विचारलं नसलं तरी अक्षरही वळणदार काढलं. भिकाजी चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं.

"कार्यखंड पकडीत सुदृढपणे आवळावा. यंत्र गतिमान असता लोहकणांचे हस्ते निराकरण करू नये. धोका दृष्टीस पडल्यास निरीक्षकाने तत्काळ उच्च स्वरात सूचना द्यावी."

मिस्त्री डोक्यावरची फेल्टची हॅट काढून, छातीशी धरून, शेवटपर्यंत स्तब्ध उभे होते. वाचन संपलं तेव्हा त्यांनी हॅट परत घातली.

"समाजलां काय, मिस्त्रीनू?" भिकाजीनं विचारलं.

"नाय. पाद्री लॅटिनात म्हणता तेवांय समाजणा नाय. पण बरां वाटता."

मग ते माझ्याकडे वळले. आता माझं हसं होणार म्हणून मी जमिनीकडे बघायला लागले. ते म्हणाले, "बाय, अक्षर बरां आसा तुजां. फाल्या मशीनीकडे ये. मी सांगतंय, तू लिव."

असे दुसऱ्या दिवशी ते पाच नियम झाले. पुस्तिकेत सव्वीस होते. मिस्त्रींचं म्हणणं, सव्वीस नियम पाळायचे तर माणूस बोटं मोजण्याआधी नियमच मोजत बसेल. भिंतीवरचा माझा कागद उतरवला आणि त्या जागी पुठ्ठा लावला. त्यावर माझ्याच वळणदार अक्षरात होतं: लटाकता तां काढ. घट आवळ, परत आवळ. कीस काढूक हात न्हय, बुरूस. जुन्या चिरेत नवां पातां नाय. आणि पाचवा: जेका दिसलां, तेणां बोंब मारूची.

मिस्त्री बुटके होते. अंगात बाह्या कापलेलं बनियन आणि खाकी हाफपँट. मुंबईला एका गोदीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. तिथल्या त्यांच्या खात्यात सात माणसं होती. सातांची मिळून बोटं किती, हे ते कधी सांगत नसत. फक्त स्वतःचे दोन्ही हात पसरून दाखवत. बावीस वर्षांनंतर धा. त्यांच्याजवळ दाखवण्यासारखी दुसरी मिळकत नव्हती आणि दुसरी हवी असं त्यांना वाटतही नसावं.

संध्याकाळी इंजिन बंद झालं की ते दाराशी उभे राहून म्हणत, "हात." मागच्या खोपटात इंजिन सांभाळणारा पोरगा धरून कारखान्यात आम्ही पाच माणसं. सगळ्यांनी पंजे पसरून समोर धरायचे. ते लांबूनच नजर फिरवत आणि म्हणत, "धा. धा. धा. धा." मग स्वतःचे बघत. "धा. लाय कुलूप." अण्णांनाही सुटका नव्हती. एकदा अण्णा हिशेबाची वही काखेत घेऊन एकच हात दाखवायला लागले, तर मिस्त्री कुलूप हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी अण्णांनी वही खाली ठेवली. दिवसभर दौतीशिवाय कशालाही हात न लावता मीही रोज पंजे पसरत असे. माझ्या बोटांना शाई लागलेली असे. तीही ते मोजत.

पहिला नियम, लटाकता तां काढ, हा सगळ्यांत कडक. करवत म्हणजे एक लोखंडी कमान. तिच्यात हातभर लांबीचं पातं ताणून बसवायचं. इंजिनाचा पट्टा सरकवून जोडला की कमान पुढेमागे होत, आपल्याच वजनानं खाली खाली येत, वाईसमध्ये, म्हणजे पकडीत, आवळलेला दांडा कापत जाते. दिसायला सौम्य, म्हातारं माणूस डुलत बसावं तशी. पण पट्ट्यात एकदा कापडाचं टोक गेलं तर मागोमाग माणूस जातो. म्हणून मिस्त्री करवतीजवळ जाण्याआधी गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवत. काम संपेपर्यंत देव डब्यात. पहिल्या दिवशी त्यांनी माझी रिबिनीची वेणी बघितली आणि म्हणाले, "बाय, शेपटी आत." ती वेणी मी बोर्डिंगमधून जपून आणलेली फॅशन होती. दुसऱ्या दिवसापासून मी आंबाडा घालू लागले, आणि आई म्हणाली, कारखान्यात जाऊन पोरगी वयात आली.

त्या वर्षीच्या दसऱ्याला अण्णांनी करवतीची पूजा मांडली. भटजी आले, दोन-तीन अंमलदार आले, खुर्च्या मांडल्या. कमानीला झेंडूचा भलाथोरला हार घातला. मुहूर्त झाला, यंत्र सुरू करा, असं भटजींनी सांगितलं. मिस्त्री पट्ट्याच्या दांडीजवळ उभे होते, पण हलले नाहीत.

"हार काढा," ते म्हणाले.

"अहो, देवाचा हार तो," भटजी म्हणाले.

"देवाचो म्हणानच सांगतंय. लटाकता तां काढूचां."

अण्णांनी डोळ्यांनी खुणावलं. भटजींनी पंचांग उघडून मुहूर्ताची किती पळं उरली ते मोठ्यानं वाचलं. अंमलदार खुर्चीत चुळबुळले. मिस्त्री पुठ्ठ्याकडे बोट दाखवून उभेच. शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाले, हार भिकाजीक घाला आणि भिकाजीक भायर उबो करा. तसंच झालं. भिकाजी गळ्यात देवाचा हार घालून दाराबाहेर उन्हात उभा राहिला, भटजींनी आतून त्याच्या दिशेनं अक्षता टाकल्या आणि करवत सुरू झाली. भिकाजी तो हार रात्रीपर्यंत मिरवत होता.

चौथा नियम मला सगळ्यांत उशिरा कळला. पातं वापरून वापरून झिजतं आणि त्यानं कापलेली चीरही बारीक असते. अर्ध्यावर ते मोडलं आणि नवं, जाड दातांचं पातं त्याच चिरेत घातलं, तर ते अडकतं आणि ताड्कन तुटतं. म्हणून दांडा अर्धा फिरवायचा, जुनी चीर खाली, आणि वरून नव्यानं सुरुवात करायची. मिस्त्री हा नियम बाहेरही चालवत. भिकाजीचं भावाशी भांडण होऊन चार वर्षं बोलणं बंद होतं. समेट करायला निघाला तेव्हा मिस्त्रींनी त्याला थांबवलं. "जुनी गजाल काढू नको. दुसऱ्या बाजून सुरू कर. तेच्या बैलाची विचारपूस कर." भिकाजीनं बैलाची चौकशी केली, आणि भावानं त्याला जेवायला ठेवून घेतलं.

पाचव्या नियमाशी मात्र माझं पहिल्यापासून बिनसलं. करवत येऊन महिना झाला असेल. मी पुठ्ठ्याशेजारी उभी होते. दांडा कापत आला आणि कापलेला तुकडा हळूहळू कलायला लागला. मला वाटलं, अख्खं यंत्रच कोसळतंय. मी ओरडले. कॉन्व्हेंटमधल्या बाईंनाही अभिमान वाटावा इतक्या स्पष्ट उच्चारात ओरडले, "स्टॉप."

मिस्त्रींनी तत्क्षणी पट्टा सोडवला. करवत थांबली. तुकडा आपला ठरल्याप्रमाणे खालच्या पेटीत पडला, ठण्. तो पडायचाच असतो, त्यासाठीच पेटी असते. भिकाजी हसत हसत खाली बसला. पुढे सहा महिने त्यानं माझं नाव 'इस्टॉपबाय' ठेवलं होतं. मी चहा नको म्हटलं तरी तो म्हणे, इस्टॉप सांगता मां?

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी वाईस तपासली, पातं तपासलं, आणि मग म्हणाले, "बरां केलंस. धा खेपे फुकट बोंब मारलंस तरी चलात. अकरावे खेपेक गप रवलंस तर चलाचां नाय."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माझ्या कानात भिकाजीचं हसू होतं. त्या रात्री मी अंथरुणात पडून निश्चय केला, की या कारखान्यात पुन्हा म्हणून तोंड उघडायचं नाही. माझे निश्चय सहसा टिकत नाहीत. हा टिकला.

गप्प माणसाला एक होतं, दिसतं फार. तिसऱ्या वर्षी मला दिसायला लागलं की मिस्त्री आता 'हात' म्हटल्यावर लांबून नजर फिरवत नाहीत. जवळ येऊन प्रत्येकाच्या पंजावरून अंगठा फिरवतात. लोकांना वाटलं, म्हातारपणी माया वाढली. पात्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते बघण्याऐवजी ते नखानं चाचपू लागले. पूर्वी दांड्यावर खडूनं रेघ मारत, आता कानशीनं बारीक खाच पाडू लागले. खाच बोटाला लागते, रेघ लागत नाही. आणि कमान खाली सोडताना डावं बोट खाचेजवळ टेकवून ठेवू लागले, जे ते दुसऱ्या कुणाला स्वप्नातही करू देत नसत.

मला कळलं होतं. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी मिस्त्रींना करवतीवरून काढलं असतं, आणि करवतीशिवाय मिस्त्री म्हणजे काय, तो विचार मला करवेना. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच, की सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार होतं.

नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात, आणि बाबल तांडेलच्या होडीचा शाफ्ट अजून आमच्याकडे अर्धवट पडलेला. बाबल सकाळपासून कारखान्यात येऊन बसला होता. अण्णा त्याच्याशेजारी, भिकाजी दांड्याच्या लांबच्या टोकाला, ते पेलणाऱ्या लाकडी घोड्यापाशी. मी पुठ्ठ्याखाली, वही घेऊन.

अर्ध्यावर पातं मोडलं. लोखंडात कुठेतरी कडक गाठ असावी. मिस्त्रींनी पट्टा सोडवला, वाईस सैल केली, दांडा पान्यानं अर्धा फिरवला. जुनी चीर खाली गेली. वर कानशीनं नवी खाच पाडली. सगळं नियमानुसार. मग बाबलनं विचारलं, "मिस्त्रीनू, दुपारपर्यंत जातलां मां? माका होडी ओढूक माणसां सांगूची आसत."

"जातलां रे. तू तुजी माणसां सांग, मी माजां काम करतंय."

त्या दोन वाक्यांत त्यांचा धागा तुटला. पाना हातात होताच. दांडा फिरवायचा राहिलाय असं वाटून त्यांनी तो पुन्हा अर्धा फिरवला. अर्धा आणि अर्धा मिळून पुरा झाला. जुनी चीर परत वर आली. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला खाच लागली, त्यांना वाटलं ही आपली कानशीची. वाईस आवळली, परत आवळली. नवं पातं चढवलं. डावं बोट चिरेपाशी टेकवलं.

मला दिसलं. स्वच्छ दिसलं. दांड्यावर काळी, खोल, मोडक्या पात्याची चीर होती आणि नवं पातं बरोबर तिच्यावर उतरत होतं. अंतर वीतभर असेल.

माझ्या डोक्यात वाक्य तयार व्हायला लागलं. 'मिस्त्री, कृपया...' छे, कृपया नको. 'मिस्त्री, आपण चुकून...' त्यांना चुकलात कसं म्हणायचं, आणि बाबलसमोर. आणि माझीच चूक असली तर? ज्यांनी नियम केला त्यांना नियम कोण सांगणार, पुठ्ठ्यावर अक्षर काढणारी? भिकाजी घोड्यापाशीच उभा होता. त्याला नवं नाव सुचायला वेळ लागला नसता. मराठीत म्हणू की मालवणीत? मालवणीत 'थांबा' कसं म्हणतात ते मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी त्या क्षणी मी ते शोधत होते. मी वाक्य शुद्ध करत होते तोवर मिस्त्रींनी पट्टा सरकवला.

पातं दोनदा पुढेमागे झालं आणि अडकलं. मग ताड्कन आवाज झाला.

डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. पात्याचा दुसरा तुकडा पुठ्ठ्यात रुतून बसला. कुठल्या नियमावर रुतला ते मी बघितलं नाही. अण्णा धावले, भिकाजीनं पट्टा सोडवला, बाबलनं डोक्याचा पंचा फाडून बांधला. मी वही छातीशी धरून उभी होते, तीन वर्षं बक्षीस मिळवलेली.

मिस्त्री लाकडी ओंडक्यावर बसले होते. ओरडले नाहीत. उजव्या हातानं दांडा चाचपला, चीर सापडली, तिच्यात नख घालून खोली बघितली, आणि त्यांना कळलं.

"जुनी चीर," ते म्हणाले. मग मान वर करून, आम्ही जिथे असू असं त्यांना वाटलं तिकडे बघून त्यांनी विचारलं, "कोणाकच दिसलां नाय?"

रागानं नाही विचारलं. दुकानात एखादी वस्तू आहे का, असं विचारावं तसं. भिकाजी म्हणाला, नाय मिस्त्रीनू, मी घोड्याकडे होतंय. अण्णा, बाबल, दोघांनी नाही म्हटलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवायला आवाज लागत नाही.

"आमची बाय म्हणता, नाय," भिकाजीनं त्यांना सांगितलं.

"मगे माजीच चूक," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरकडून टाके घालून ते संध्याकाळी परत आले. अण्णा म्हणाले, घरी जा. ते दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "हात." आम्ही पंजे पसरले. त्यांनी उजव्या अंगठ्यानं सगळ्यांचे पंजे चाचपले. माझे जरा जास्त वेळ धरले. "धा. धा. धा. धा." मग स्वतःचा गुंडाळलेला हात वर धरला. "साडेनव. लाय कुलूप."

भिकाजी हसला आणि हसता हसता पलीकडे तोंड करून उभा राहिला.

त्यानंतर मिस्त्रींनी आपण होऊन करवत सोडली. डोळ्यांचंही त्यांनीच अण्णांना सांगितलं. शेवटच्या दिवशी बिस्किटाचा डबा उघडून खुरीस गळ्यात घातला, डबा भिकाजीला दिला. भिकाजीकडे डब्यात ठेवण्यासारखा देव नव्हता, म्हणून तो त्यात विड्या ठेवू लागला. जाताना मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "संध्याकाळी हात मोजूचां काम आता बायचां. तिचे डोळे बरे."

मी ते काम साडेतीन वर्षं केलं. रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून चार माणसांची बोटं मोजली. मोठ्यानं नाही, मानेनं. चार वेळा मान खाली केली की भिकाजी कुलूप लावत असे. तेवढ्या काळात एकही बोट कमी झालं नाही. त्याचं श्रेय सगळेजण माझ्या डोळ्यांना देत.

गेल्या वर्षी मला मुंबईत टायपिस्टची नोकरी लागली. जाण्याआधी मी मिस्त्रींना भेटायला गेले. त्यांचं घर खाडीपलीकडे, तोंडवलीच्या वाटेवर. होडीत बसल्यावर मी काय बोलायचं त्याची तयारी सुरू केली. पलीकडचा किनारा येईपर्यंत माझ्याजवळ तीन भाषांत तीन मजकूर तयार होते. इंग्रजीतला सर्वांत चांगला होता. त्यात खेद या अर्थाचे चार वेगवेगळे शब्द होते. मराठीतला थोडा कार्यखंडाच्या वळणाचा होता. मालवणीतल्या मजकुरात एकच वाक्य होतं, आणि ते मी धड मनातही म्हटलं नव्हतं.

मिस्त्री पडवीत बसले होते. डोळे उघडे, पण त्यांचा उपयोग संपलेला. पुढ्यात एक अडाळो, म्हणजे आमच्याकडची विळी, होता, आणि खोबरं खवण्याच्या त्याच्या चकतीला ते कानशीनं दात पाडत होते. एकेक दात पाडायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा, मग पुढचा. वाडीतल्या बायका चकत्या आणून देत, असं नंतर कळलं. मी पायरीशी उभी राहिले. कानस थांबली.

"कोण तां?"

मी खाकरले.

"एवढां गप कोण रवता? बाय मां?"

मी बसले. नोकरीचं सांगितलं. हे सांगायला सोपं होतं. ते म्हणाले, मुंबईक टाइप करूचां म्हणजे तांय बोटांचांच काम. मग हात पुढे केला. "हात."

मी दोन्ही पंजे त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकेक बोट टोकापर्यंत चाचपलं, नखावर थांबत थांबत. "धा," ते म्हणाले. आणि आपले पसरले. "माजे तुका ठावक आसत."

ते तुटकं पेर मऊ झालं होतं, लहान मुलाच्या टाचेसारखं. त्यांनी ते अडाळ्याच्या दातांवर हलकेच टेकवलं.

"तुका एक सांगतंय, बाय. मी हयसर बसान खूप इचार करतंय, दुसरां काय काम नाय. त्या दिवशी कोणाकच दिसलां नाय, तां बरां झालां. बोट काय, म्हातारो झालंय, बोट जावक व्हयाच होतां. पण कोणाक दिसलां आसान तो गप रवलो आसतो, तर माका वायट वाटलां आसतां. मी तुमका शिकयलां काय मगे?"

त्यांनी कानस पुन्हा उचलली. बोलणं त्यांच्यापुरतं संपलं होतं. मागे परसात कुणीतरी विहिरीचं पाणी ओढत होतं. परतीची होडी सुटायला अर्धा तास होता. मी उठले असते, त्यांच्या पाया पडले असते, तर त्यांनी 'सुखी रव' म्हटलं असतं आणि मी मुंबईला जाऊन सुखानं टाइप करत बसले असते. इंग्रजीतला मजकूर आठवून बघितला. एकही शब्द आला नाही.

कानस दातावर टेकली होती. ती चालू होण्याआधी बोलायला हवं होतं.

"मिस्त्रीनू," मी म्हटलं. माझा आवाज पडवीला फार मोठा झाला, परसातला रहाट थांबला. "माका दिसलां होतां."